मदत हवी आहे: उंबरात किडे निघतात म्हणून सोसायटी झाड तोडायला निघालीय

नमस्कार मंडळी,

जरा घाईत लिहितेय. रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग आहे आणि विषयपत्रिकेवर चौथा विषय ‘उंबराच्या झाडाची कीड, झाड काढणे अथवा औषध मारणे’ असा छापून आलाय. आम्ही कोथरूडला राहतो. झाड बिल्डिंगच्याही आधीचं, पार्किंगच्या कोपऱ्यात. वर्षातून तीन-चारदा खोडाला लगडून उंबरं येतात आणि मग खाली नुसता चिखल. गाड्यांचे बॉनेट चिकट होतात, वास येतो, चिलटं जमतात. इथवरच्या तक्रारी मला मान्य आहेत, आमचीही स्कूटर तिथेच असते.

पण यंदा कोणाच्या तरी मुलाने उंबर फोडून आतले वळवळते किडे व्हॉट्सॅपवर टाकले आणि ‘झाडाला रोग लागलाय’ असं ठरूनच गेलं. एका काकांचं म्हणणं, खोडाला भोक पाडून औषध सोडायचं, वर्षभर निर्धास्त.

काल मी गच्चीवरच्या नळाशी बसून स्वतः दहा-बारा उंबरं फोडली. जे दिसलं ते लिहिते.

कच्ची हिरवी होती त्यांत आत गुलाबीसर दाटी, आणि मध्ये एखाद-दुसरा मेलेला काळा किडा. त्याला पंखच नव्हते. जरा मोठी, रंग धरू लागलेली फोडली तर ताटलीभर जिवंत प्रकार! तिळाहून बारीक काळपट माश्या टोकाला येऊन उडून गेल्या. पिवळट, आंधळ्यासारखे चाचपडणारे बिनपंखी मात्र तिथेच राहिले. आणि लालभडक पिकलेल्यांत फारसं काही नाही, फक्त सालीला एक-दोन गोल भोकं. काही फळांवर बाहेरून एक वेगळी माशीही बसली होती, शेपटाला केसासारखी लांब सुई. ती सुई ती चक्क फळात खुपसत होती.

हा रोग आहे का? औषधाने थांबेल का? आणि झाड न तोडता खालचा चिखल कसा आवरायचा? माझी आजी म्हणायची, उंबर फोडून केंबरं, म्हणजे आतले बारीक किडे, काढू नयेत. ती भांडणाबद्दल बोलायची, मी शब्दशः तेच करून बसलेय.

सह्यवाटसरू

ताई, आजीने शब्द बरोबर दिलाय. ही केंबरंच. रोग नाही, या झाडाचा संसारच तसा आहे.

उंबर हे फळ दिसतं, पण ती खरं तर आत वळलेल्या शेकडो बारीक फुलांची पिशवी आहे. ‘उंबराचं फूल’ कोणाला दिसत नाही ते यामुळेच. टोकाला एक चिंचोळं छिद्र असतं. त्यातून केंबराची मादी अंग रेटून आत शिरते, त्या रेटारेटीत पंख तुटतात. तुम्हाला हिरव्या उंबरात जी मेलेली सापडली ती हीच. येताना छातीवरच्या खिशांसारख्या खळग्यांत दुसऱ्या उंबराच्या झाडाचा पराग आणते, तो इथल्या फुलांवर घालते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. अंडी पडलेल्या फुलात पिल्लू वाढतं, बाकीच्यांत बी धरतं. झाड काही फुलं भाड्यापोटी देतं म्हणा.

तुमचे पिवळट बिनपंखी म्हणजे नर. ते आपापल्या फुलांतून आधी बाहेर पडतात, माद्यांशी मीलन करतात, सालीला बोगदा पाडतात आणि संपतात. तोवर आतली नरफुलं उमललेली असतात. माद्या पराग घेऊन त्याच बोगद्याने उडतात. आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचं, तेवढ्यात कच्च्या उंबरांचं दुसरं झाड गाठायचं. शास्त्रीय नाव सेराटोसोलेन फ्युसिसेप्स. माणसाला चावत नाही, दुसऱ्या झाडांवर जात नाही, फक्त उंबर.

सुईवाली मात्र फुकटी. ती पराग आणत नाही, बाहेरूनच अंडी सोडते. झाडावर मुंग्यांचा राबता असेल तर बाहेर बसणाऱ्या या बाया आधी सापडतात.

कट्टेकरी

औषधाचं मी सांगतो. केंबरं मेली तर परागण नाही, आणि परागण झालं नाही की उंबरं कच्चीच गळतात. म्हणजे सडा तसाच, वर पाखरांना खायलाही काही नाही. कॅलिफोर्नियात याचा मोठा धडा मिळाला होता. तुर्कस्तानातून स्मर्ना अंजिराची झाडं नेऊन लावली, फळं पिकायच्या आधीच गळून जायची. शेवटी १८९९ साली अंजिराची केंबरं तिथे नेऊन सोडली तेव्हा कुठे बागा पिकल्या.

खोडात विष सोडलं तर ते फळांतही उतरू शकतं, आणि उंबरं खातात तांबट, कोकीळ, राखी धनेश, खारी, रात्री वटवाघळं. तेच बिया दूरवर नेतात. काकांना हेही विचारा, विष खाऊन मेलेली वटवाघळं कोण उचलणार?

पोटोबा

अवांतर, पण धसका बसलाय: पुरंदरच्या अंजिरातही हेच असतं का?

सह्यवाटसरू

नाही, खुशाल खा. पुण्याकडचं अंजीर परागणाशिवायच धरतं, त्याला केंबरू लागत नाही. जैन घरांत पंच उदुंबर वर्ज्य असतात, त्यात वड, पिंपळ, उंबर येतात. आतली जीवसृष्टी त्यांना केव्हाच माहीत होती.

गवतफुला

चिखलाबद्दल. फांद्यांची टोकं छाटून उपयोग नाही, उंबराला फळ खोडाला आणि जाड फांद्यांना धरतं. आमच्याकडे खोडाभोवती छातीएवढ्या उंचीवर शेडनेटची झोळी बांधली आहे, मध्ये थोडा झोल. बहराचे दोन-तीन आठवडे दररोज सकाळी रिकामी करून खतखड्ड्यात टाकतो. एक दिवस राहिलं की वास सुटतो आणि चिलटं येतात, ती केंबरं नव्हेत. त्या दिवसांत खालची दोन पार्किंग सोडायची.

तोडण्याचं म्हणाल तर शहरात महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे. सोसायटीच्या ठरावाने झाड पडत नाही. मीटिंगमध्ये हे सगळ्यात आधी सांगा, केंबरांचं प्रवचन नंतर.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार! काकांना आज जिन्यात गाठलं. ऐकून म्हणाले, “म्हणजे भाडेकरू आहेत का?” हसले, पण पार्किंग कोण सोडणार यावर गाडी अडली. आमची स्कूटर मी काढतेय, अजून एक जागा हवीय.

गवतफुला, साधारण वीस बाय पंधरा फूट जागा आहे. किती टक्क्यांची शेडनेट घेतलीत? आणि खोडाला दोरी काचू नये म्हणून मध्ये काय घातलंत? रविवारच्या आत आणायची आहे.

गवतफुला

५० टक्केवाली. दोरीखाली सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा, आणि दर बहराला सैल करा. खोड वाढतंय अजून.