लष्करात घेतलेले प्रशिक्षण पदवीच्या श्रेयांकांत (क्रेडिट्समध्ये) धरले जाते का?

प्रश्न – निवृत्त हवालदार, कोरेगाव

जय हिंद. बारावीनंतर मी सैन्याच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे दळणवळण शाखेत, भरती झालो. गोव्यातील ट्रेनिंग सेंटरमध्ये माझे ट्रेडचे, म्हणजे नेमून दिलेल्या कामाचे, प्रशिक्षण झाले, पुढे ट्रेडचा क्लास वन (वरच्या श्रेणीची परीक्षा) उत्तीर्ण केला आणि शेवटची काही वर्षे नव्या मुलांना रेडिओ संच व लाइन दळणवळण शिकवले. सतरा वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त होताना मला पदवी-समकक्षतेचे प्रमाणपत्र मिळाले. ते घेऊन मी एका महाविद्यालयात एम.ए.च्या प्रवेशासाठी गेलो, तेव्हा हा कागद येथे चालत नाही, बी.ए.च्या प्रथम वर्षापासून सुरुवात करा, एवढेच सांगून मला परत पाठवण्यात आले. नव्याने अभ्यास करण्यास माझी ना नाही. परंतु सतरा वर्षांत जे शिकलो आणि शिकवले, ते विद्यापीठाच्या हिशेबात शून्यच धरायचे का?

उत्तर १ – निवृत्त सुभेदार, एज्युकेशन कोअर (सैन्याची शिक्षण शाखा)

जय हिंद. ज्या कागदाने तुमची फसगत झाली, त्याच्यामुळे माझ्या ओळखीतील अनेक जवानांची झाली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हे प्रमाणपत्र नोकरीसाठी आहे, शिक्षणासाठी नाही. दहावी उत्तीर्ण किंवा सैन्याचे विशेष शिक्षण प्रमाणपत्र असलेल्या आणि किमान १५ वर्षे सेवा केलेल्या माजी सैनिकाला, जेथे पदवी ही अट आहे अशा केंद्र सरकारच्या गट क पदांसाठी पात्र धरावे, असा नियम १९८० च्या दशकात झाला. तांत्रिक वा व्यावसायिक अनुभव अनिवार्य असलेली पदे त्यातून वगळलेली आहेत. या प्रमाणपत्रात कोणता विषय किती तास शिकला आणि त्यात किती गुण मिळाले, याची नोंदच नसते. त्यामुळे पदव्युत्तर प्रवेशाला ते पुरत नाही. महाविद्यालयाचे उत्तर नियमाला धरून होते. मात्र माणसाला उभ्याउभ्या परत पाठवण्याऐवजी हे कारण चार वाक्यांत सांगता आले असते, आणि ते न सांगण्याचा मला मनापासून राग येतो.

अधिकाऱ्यांच्या बाबतीत ही अडचण येत नाही, कारण खडकवासल्याच्या एनडीएतील (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील) छात्रांना प्रशिक्षण पूर्ण होताच जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. जवानांसाठी तशी सोय २०२२ मध्ये अग्निपथ योजनेबरोबर जाहीर झाली. सेवेत असलेल्या अग्निवीरांसाठीच्या इग्नूच्या (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या) तीन वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात निम्मे श्रेयांक सेवेतील कौशल्य प्रशिक्षणाचे आणि उरलेले निम्मे भाषा, इतिहास, अर्थशास्त्र, पर्यटन अशा विषयांतून निवडायचे, अशी ती रचना आहे. तुमच्यासारख्या आधी निवृत्त झालेल्यांचा त्यात समावेश नाही, आणि माझ्या मते हा अन्याय आहे. शिकवणारे तुम्हीच होतात. तुमच्या हाताखाली शिकलेल्याला श्रेयांक आणि तुम्हाला नाहीत, हे पटत नाही.

उत्तर २ – दूरशिक्षण क्षेत्रातील प्राध्यापिका, नाशिक

सुभेदारसाहेबांच्या म्हणण्यात एक भर घालते. एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार वर्षाचे १२०० तासांचे अध्ययन म्हणजे ४० श्रेयांक, अर्थात ३० तासांना एक. औपचारिक शिक्षणाबरोबरच कौशल्य प्रशिक्षण आणि अनुभवातून झालेले शिक्षणही त्यात धरता येते. फक्त त्याचे मूल्यमापन झालेले असले पाहिजे. उदाहरणच घ्यायचे तर, एखादे ट्रेड प्रशिक्षण २४ आठवडे, आठवड्याला ३६ तास चालले असेल, तर ८६४ तास होतात आणि त्यांचे सुमारे २९ श्रेयांक भरतात. तीन वर्षांच्या पदवीला १२० लागतात. म्हणजे जवळजवळ पाव पदवी एका प्रशिक्षणात बसते.

हा हिशेब कागदावर सोपा असला, तरी आराखड्याने मुभा दिली म्हणून प्रत्येक विद्यापीठ श्रेयांक देईलच असे नाही, कारण निर्णय विद्यापीठाचा असतो. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी लेखी अर्ज करावा आणि उत्तरही लेखीच मागावे. अर्जात सेवेच्या वर्षांवर भर देऊ नये. अभ्यासक्रमाचे नाव, कालावधी, विषय आणि परीक्षेचा निकाल यांवर द्यावा. सतरा वर्षे हा आकडा आदर मिळवून देतो, श्रेयांक मिळवून देत नाही.

उत्तर ३ – अमेरिकेतील एका कम्युनिटी कॉलेजच्या (दोन वर्षांच्या महाविद्यालयाच्या) प्रवेश विभागातून

मी मूळची सांगलीची. आमच्याकडे माजी सैनिक येतो तो ‘जॉइंट सर्व्हिसेस ट्रान्सक्रिप्ट’ हे सेवेतील शिक्षणाचे नोंदपत्रक घेऊनच. लष्कर, नौदल, मरीन कोअर आणि तटरक्षक दलातील प्रशिक्षणाची नोंद त्यात असते आणि ‘अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन’ने तपासलेल्या अभ्यासक्रमापुढे किती श्रेयांक द्यावेत याची शिफारसही असते. हवाई दलाचे तर १९७२ पासून स्वतःचे कम्युनिटी कॉलेज आहे.

ही पद्धत एका चुकीतून आली. पहिल्या महायुद्धानंतर अनेक महाविद्यालयांनी केवळ सेवा केली म्हणून सरसकट श्रेयांक देऊन टाकले, आणि मुले ज्या वर्गात बसवली गेली तेथील अभ्यास त्यांना पेलेना. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात म्हणूनच एकेक अभ्यासक्रम तपासून शिफारस करण्याचे काम हाती घेतले गेले. तरीही अंतिम निर्णय महाविद्यालयाचाच राहतो, आणि पुष्कळदा हे श्रेयांक ऐच्छिक विषयांच्या रकान्यात टाकले जातात, त्यामुळे पदवीचा काळ फारसा कमी होत नाही. तेव्हा किती श्रेयांक मिळणार याबरोबरच ते कोणत्या विषयाऐवजी धरणार, हेही तुम्ही विचारा.

निवृत्त हवालदार, कोरेगाव

तिघांचेही मनापासून आभार. क्लास वनच्या निकालाची पार्ट टू ऑर्डर (सेवानोंदीचा लष्करी आदेश) आणि दोन कोर्स रिपोर्ट माझ्या ट्रंकेत सापडले. गोव्यातील प्रशिक्षणाचा तपशील मात्र माझ्याजवळ नाही; तो मिळावा यासाठी जबलपूरच्या सिग्नल्स रेकॉर्ड्सला आज पत्र लिहिले. नाशिकच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे पत्रात विषय आणि तास यांची स्पष्ट मागणी केली आहे.