विषय: १७ फेब्रुवारीचे पॅनकेक (हॉलचं किचन बंद आहे!)

प्रेषक: केतकी (सचिव)
रविवार, १ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी,

आपण ज्या चर्चच्या हॉलमध्ये गणपती बसवतो, तिथल्या व्हिकरबाईंचा (चर्चच्या धर्मगुरू) काल फोन आला. मंगळवारी १७ तारखेला संध्याकाळी साडेपाच ते साडेसात त्यांचा पॅनकेकचा कार्यक्रम आहे. दरवर्षी त्यांची चार-पाच माणसं हॉलच्या किचनमध्ये पॅनकेक करतात आणि लोक खात, गप्पा मारत बसतात. यंदा ते किचन दुरुस्तीसाठी पार उखडलंय. सिंक नाही, शेगडी नाही, भिंतीतून नुसते पाइप बाहेर आलेत. ईस्टरपर्यंत काही ते व्हायचं नाही.

माणसं साधारण ६०, त्यात मुलं बरीच. "तुम्हा लोकांना मोठ्या पंगतीची सवय आहे, काही सुचतंय का?" असं त्यांनी विचारलं. गणपतीत आपल्याला मखर लावायला त्यांनी आदल्या दिवशी हॉल फुकट उघडून दिला होता, तेव्हा मी हो म्हटलंय. आता कसं करायचं ते सांगा.

केतकी

———

प्रेषक: अनिरुद्ध
रविवार, १ फेब्रुवारी

केतकी, रविवारी १५ ला महाशिवरात्र. सोमवारी उपास सोडायचा आणि मंगळवारी मंडळाच्या नावाने अंडी फोडत बसायचं, हे सगळ्यांना चालणार आहे का ते आधी विचारायला हवं होतं. शिवाय तयार पॅनकेकची पाकिटं कुठल्याही सुपरमार्केटात मिळतात. दहा-बारा पाकिटं न्यायची, मायक्रोवेव्हमध्ये फिरवायची, काम संपलं. एवढा घाट कशाला?

अनिरुद्ध

———

प्रेषक: फिलोमिना
रविवार, १ फेब्रुवारी

अनिरुद्धदादा, तुमचा उपास संपतो तिथे आमचा सुरू होतो, एवढाच काय तो फरक!

बुधवारी १८ ला राखेचा बुधवार. वसईला आमच्या घरी मागच्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेल्या झावळ्या जपून ठेवलेल्या असायच्या. त्या देवळात परत द्यायच्या, त्या जाळून जी राख होते तिचाच क्रूस कपाळावर लावतात. तिथून ईस्टरपर्यंत, यंदा ५ एप्रिलपर्यंत, उपवासकाळ. पूर्वी या दिवसांत अंडी, दूध, लोणी वर्ज्य असायचं. मग घरात आहे ते आदल्या दिवशी संपवायचं कसं? पिठात घालून तव्यावर. त्यातून हा पॅनकेकचा मंगळवार आला. गोव्याचा कार्निव्हलही याच मंगळवारी संपतो. प्रत्येकाची संपवायची आपापली तऱ्हा.

इथे इंग्लंडमध्येच, अर्ध्या तासावर ओल्नी गाव आहे, तिथे त्या दिवशी बायका हातात तवा घेऊन धावतात. गोष्ट अशी सांगतात की १४४५ साली एक बाई पॅनकेक करत होती, तेवढ्यात चर्चची घंटा झाली, आणि ती अ‍ॅप्रनसकट, तव्यासकट धावत सुटली. शर्यत बाजारचौकापासून चर्चपर्यंत, ४१५ यार्डांची. १९५० पासून अमेरिकेत कॅन्ससमधल्या लिबरल गावाशी त्यांची चुरस असते, दोन्हीकडे त्याच दिवशी धावतात आणि वेळा ताडून बघतात. सांगायचं एवढंच, की तवा दिसायला हवा. पाकीट फोडून मायक्रोवेव्हमधून काढलेला पॅनकेक या लोकांना कुठल्याही दिवशी मिळतो.

मी ओल्या नारळाचं आणि गुळाचं सारण करून आणते. गोव्यात ते पॅनकेकमध्ये गुंडाळून खातात, आले बेले म्हणतात त्याला. काजू घालणार नाही.

फिलोमिना

———

प्रेषक: मिलिंद
सोमवार, २ फेब्रुवारी

पाककृतीवर चर्चा सुरू होण्याआधी विजेचं बोलून घेऊ. आज ऑफिसमधून येताना हॉलवर जाऊन आलो.

किचनची वीज बोर्डावरूनच तोडली आहे. मोठ्या हॉलमधले सगळे सॉकेट एका ३२ अँपिअरच्या रिंगवर, म्हणजे एकाच सर्किटवर आहेत, आणि दाराजवळच्या छोट्या खोलीचं सर्किट वेगळं आहे. ३२ अँपिअर म्हणजे २३० व्होल्टला सात किलोवॅटच्या किंचित वर. आपल्या पोर्टेबल इंडक्शन शेगड्या दोन-दोन किलोवॅटच्या, चहाचा अर्न (पाणी उकळायचं मोठं विजेचं भांडं) तीनचा. तीन शेगड्या आणि अर्न मिळून नऊ होतात. हे सगळं हॉलमध्ये लावलं की सर्किट पडणार. गणपतीत दोन अर्न आणि मायक्रोवेव्ह एकदम लावल्यावर ऐन आरतीत माइक आणि तोरणं कशी गेली, ते सगळ्यांनी पाहिलंय.

म्हणून हॉलमध्ये फक्त तीन शेगड्या, बाकी काही नाही. अर्न छोट्या खोलीत. कोणीही आपला फोन चार्ज करायला लावला तर चालेल, पण "थंडी आहे म्हणून" हीटर आणून लावू नये.

वायर गुंडाळायच्या चकरीवाली एक्स्टेंशन आणणाऱ्यांनो, ती पूर्ण उलगडायची. गुंडाळलेल्या वायरीतून जड लोड घेतला की आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि प्लास्टिक वितळतं. एका चकरीवर एकच शेगडी. मुलं पळणार, तेव्हा वायरी भिंतीकडेने न्यायच्या आणि वरून टेप मारायची.

कोणीतरी कॅम्पिंगचा गॅस आणू का म्हणून विचारणारच. नाही. बंद हॉलमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहे, आणि व्हिकरबाईंनीही स्वच्छ नाही म्हटलंय. बाहेर तंबू ठोकून करू म्हणाल, तर त्या छोट्या डब्यांत ब्युटेन असतो. पारा शून्याजवळ गेला की त्याची वाफच धरत नाही. फेब्रुवारीच्या संध्याकाळी ज्योत नुसती मिणमिणेल.

तवे: घरातले निम्मे नॉनस्टिक तवे अ‍ॅल्युमिनियमचे असतात, इंडक्शनवर तापत नाहीत. फ्रिजवरचं चुंबक तळाला चिकटलं तरच आणा. बिडाचा तवा चालतो, पण बूड सपाट हवं. धिरड्यांचे खोलगट तवे काचेवर डुगडुगतात.

आणखी एक. पेसमेकर असलेल्यांनी इंडक्शनपासून दोन फूट लांब राहायचं असतं. चर्चमध्ये वयस्कर मंडळी बरीच आहेत. टेबलाच्या आत ताट घ्यायला कोणी वाकणार नाही अशी मांडणी करू.

मिलिंद

———

प्रेषक: शुभदा
मंगळवार, ३ फेब्रुवारी

मिलिंद, छान केलंस बाबा, जाऊन बघून आलास ते.

पण तीन शेगड्यांवर ६० माणसं कशी जेवतील याचा कोणी विचार केलाय का? एक पॅनकेक दोन्ही बाजूंनी नीट व्हायला पीठ पसरण्यापासून दोन मिनिटं. माणशी दोन, मुलं तीन खाणार, म्हणजे दीडशे धरा. तीन तव्यांवर तासाला नव्वद, तेही कोणी मान वर न करता उलथणं चालवलं तर. पहिल्या अर्ध्या तासात रांग दारापर्यंत जाईल आणि मुलं नुसती साखर खात बसतील.

तेव्हा घरी करा. अर्धा किलो मैदा, १० अंडी, दीड लिटर दूध, चवीला मीठ. सगळं दूध एकदम ओतायचं नाही. थोड्या दुधात आणि अंड्यांत मैद्याच्या गुठळ्या मोडायच्या, मग बाकीचं. अर्धा तास मुरू द्यायचं. २० सेंटिमीटरच्या तव्यावर पातळ घातले तर एवढ्यात ४० होतात. दोन तवे शेजारी ठेवले तर पाऊण तासाचं काम. चार घरांनी घेतलं की १६०.

एक घर बिनअंड्याचं राहील, ते माझं. अंड्याऐवजी मैद्यात कस्टर्ड पावडर घालायची, चिमूटभर बेकिंग पावडर, रंगही सुरेख येतो. अनिरुद्ध, तुझ्यासाठी सांगते, कस्टर्ड पावडर मुळात निघाली तीच बिनअंड्याची म्हणून. बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टच्या बायकोला अंडं चालत नव्हतं, त्याने १८३७ साली तिच्यासाठी केली.

दुपारी तीनला करायला घ्यायचे आणि गरम गरम कॅसरोलमध्ये भरून न्यायचे. पोळ्यांचे मोठे डबे सगळ्यांकडे आहेतच.

शुभदाकाकू

———

प्रेषक: वैदेही
मंगळवार, ३ फेब्रुवारी

काकू, प्रमाण उत्तम आहे, पण कॅसरोलला माझा विरोध आहे. मी शाळेच्या किचनमध्ये काम करते, म्हणून जरा कटकट करते, रागावू नका.

गरम वाढायचं अन्न ६३ अंशांच्या वर ठेवावं लागतं. त्याखाली आलं की ते एकदाच, जास्तीत जास्त दोन तास ठेवता येतं. तीनला केलेला पॅनकेक डब्यात साडेपाचपर्यंत कोमट झालेला असेल आणि साडेसहाला वाढताना तर नियमात बसणारच नाही. दूध-अंड्याच्या पदार्थात ही जोखीम नको, तीही दुसऱ्यांच्या पाहुण्यांसाठी.

त्यापेक्षा उलट करू. सोमवारी रात्री करा, तास-दीड तासात गार होऊ द्या, मध्ये बेकिंग पेपर घालून फ्रिजमध्ये ठेवा. मंगळवारी आइसबॉक्समध्ये बर्फाच्या पिशव्या घालून, ८ अंशांच्या खाली राहतील असे आणा, आणि तिथे तव्यावर चांगले कडकडीत गरम करून वाढा. फिलोमिनाताईंना हवा तसा तवाही दिसेल.

हात धुवायला तोटीचे दोन कॅन, साबण, कागदी टॉवेल, आणि खाली बादली. नुसतं सॅनिटायझर चोळणं म्हणजे हात धुणं नव्हे. टॉयलेटच्या बेसिनमध्ये भांडी कोणीही नेऊ नये.

टेबलावर पाटी हवी: ग्लूटेन, दूध, अंडं. काकूंच्या पॅनकेकला वेगळी पाटी, वेगळा तवा, वेगळं उलथणं. काजू न घातल्याबद्दल फिलोमिनाताईंचे आभार. नारळ इथल्या अ‍ॅलर्जीच्या सक्तीच्या १४ पदार्थांच्या यादीत नाही, तरी लिहू.

वैदेही

———

प्रेषक: शुभदा
गुरुवार, ५ फेब्रुवारी

वैदेही बाळ, रागवायचं काय त्यात. पण शिळे पॅनकेक वाढायचे हे काही माझ्या पचनी पडेना. म्हणून काल रात्री केले आणि निम्मे तुझ्या पद्धतीने ठेवले, निम्मे माझ्या.

कॅसरोलमधले दोन तासांनी उघडले तर झाकणाला आतून पाणी. वरचा पॅनकेक ओला गच्च, आणि तळचे दोन एकमेकांना असे धरून बसले की सोडवताना फाटले. रुमाल घातला होता तरी.

फ्रिजमधले सकाळी काढले. चामड्यासारखे दिसत होते, म्हटलं झालं. पण तवा चांगला तापवून, अर्धा कांदा लोण्यात बुडवून नुसता फिरवला (गोडाला कांदा नको म्हणाल तर ब्रश घ्या), आणि टाकला. विसेक सेकंदांत कडा उचलल्या, जाळी पुन्हा खरपूस झाली, उलटला, पुन्हा तेवढंच. आतून मऊ, कडेने कुरकुरीत. आमच्या ह्यांनी ताजा म्हणून खाल्ला, लिंबू-साखर घालून.

म्हणजे एका तव्यावर मिनिटाला एक निघतो. दोन तवे यालाच ठेवा, तासाला एकशेवीस निघतील. तिसऱ्या शेगडीवर मी माझा सपाट बिडाचा तवा घेऊन बसते आणि घावन घालते. तांदळाची पिठी, पाणी, मीठ. ग्लूटेन नाही, दूध नाही, अंडं नाही. घावन मात्र गार करून परत तापवलं की वातड होतं, ते गरमच खावं. फिलोमिनाचं सारण त्यातही झकास लागेल.

पण मग माझ्या घरचे बिनअंड्याचे कुठल्या तव्यावर गरम करायचे?

शुभदाकाकू

———

प्रेषक: मिलिंद
गुरुवार, ५ फेब्रुवारी

काकू, चौथी शेगडी अर्नच्या खोलीत. तीन आणि दोन पाच, ते सर्किट सात घेतं. पण त्या खोलीत माझ्याशिवाय कोणी काही लावायचं नाही.

———

प्रेषक: अनिरुद्ध
शुक्रवार, ६ फेब्रुवारी

मी अंड्याला हात लावणार नाही. अर्न मी सांभाळतो आणि त्याच खोलीत काकूंचे बिनअंड्याचे गरम करतो. व्हिकरबाईंना मात्र सांगून ठेवा, चहा आपल्या पद्धतीचा होईल, आलं घालून. ज्यांना त्यांचा तो टी-बॅगचा हवा त्यांनी गरम पाणी न्यावं.

खर्च कोणाचा? लिंबं, साखर, मैदा, दूध, अंडी, गोल्डन सिरप. मंडळाच्या खात्यातून जाणार असेल तर पावत्या लागतील.

अनिरुद्ध

———

प्रेषक: केतकी (सचिव)
शनिवार, ७ फेब्रुवारी

खर्च चर्च देणार आहे, पावत्या मला द्या.

अंड्याचे पॅनकेक वैदेही, मिलिंद आणि मी आपापल्या घरी सोमवारी रात्री करतो. काकू बिनअंड्याचे आणि घावनाचं पीठ. व्हिकरबाईंची एकच इच्छा आहे, मुलांना तवा हातात घेऊन पॅनकेक उडवायला मिळावा. त्याला गरम तवा देणार नाही. शेगडीपासून लांब वेगळं टेबल, दोन गार हलके तवे आणि फाटके-तुटके पॅनकेक. जमिनीवर पडलेला कोणी खाणार नाही याकडे फिलोमिनाचं लक्ष.

लिंबं २० घेतली आहेत, फोडी घरून करून आणेन. खायच्या थाळ्या कागदी. तवे आणि उलथणी तिथे धुवायची नाहीत, ज्याची त्याने क्रेटमध्ये घालून घरी न्यायची. मागच्या वेळी दिवाळीनंतर तीन झारे आणि एक साणशी माझ्या गाडीत राहिली, अजून कोणी मागायला आलेलं नाही, तेव्हा या वेळी बुडाला नाव चिकटवून आणा.

अन्नाचं तापमान बघायची सळईवाली थर्मामीटर दोन हवी आहेत. एक वैदेहीकडे आहे. दुसरी कोणाकडे?

केतकी

———

प्रेषक: फिलोमिना
शनिवार, ७ फेब्रुवारी

माझ्याकडे आहे, केकची. सेल नवीन घालून आणते.