हाडाची 'विकृती' मोजणारा काचतंतू: शब्द बरोबर आहे का?

प्रश्न : हाडावर चिकटवायच्या ब्रॅग ग्रेटिंग सेन्सरवरच्या (ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवणारा काचतंतू; तो ताणला की ती तरंगलांबी सरकते) एका लेखात 'नडगीच्या हाडातील विकृती मोजली' असं वाक्य आहे. वाचणाऱ्याला वाटतं, हाडाला काहीतरी रोग झालाय. त्याऐवजी 'ताण' लिहिलं तर?

प्रतिसाद : 'ताण' तर मुळीच नको. अभियांत्रिकीच्या मराठीत स्ट्रेसला प्रतिबल आणि स्ट्रेनला विकृती हे रूढ आहे, पण लोक 'ताण' दोन्हींना लावतात. इथे फरक महत्त्वाचा आहे, कारण हा सेन्सर प्रतिबल मोजतच नाही. तो फक्त मूळ लांबीच्या मानाने लांबी किती बदलली तेवढं सांगतो. प्रतिबल हवं असेल तर हाडाचा यंग गुणांक (ताठरपणाचं माप) धरून गणित करावं लागतं, आणि हाडाचा गुणांक लांबीच्या दिशेत वेगळा, आडव्या दिशेत वेगळा.

डॉक्टर वाचणार असतील तर सरळ 'स्ट्रेन' लिहा, एकक मायक्रोस्ट्रेन. 1000 मायक्रोस्ट्रेन म्हणजे 10 सेंमी लांबीत 0.1 मिमी फरक.

प्रतिसाद : आकडे द्यायचेच तर हेही घाला. तंतूची काच 125 मायक्रॉन जाडीची असते, ग्रेटिंग काही मिलिमीटर लांब. 1550 नॅनोमीटरच्या आसपास एका मायक्रोस्ट्रेनला परावर्तित तरंगलांबी साधारण 1.2 पिकोमीटर सरकते. पण तापमान एक अंश बदललं तरी ती सुमारे 10 पिकोमीटर सरकते, म्हणजे आठेक मायक्रोस्ट्रेनचा खोटा आकडा. जखम उघडी असताना हाड पाच-सात अंश सहज थंड होतं. म्हणून शेजारी केशनळीत सैल सोडलेलं दुसरं ग्रेटिंग ठेवतात आणि त्याचं सरकणं वजा करतात. तरीही हाडाचं स्वतःचं प्रसरण उरतंच. 'तापमान-दुरुस्त' हा शब्द लिहिताना तेवढं भान असू द्या.

खरी गोची चिकटवण्यात आहे. पेरिऑस्टियम (हाडावरचं पातळ आवरण) खरवडून काढायचं, चरबी पुसायची, जागा कोरडी करायची, मग झटपट चिकटणाऱ्या सायनोअ‍ॅक्रिलेटचा अगदी पातळ थर. ओलं राहिलं की डिंक सुटतो. थर जाड झाला किंवा तंतूचं प्लास्टिक कवच मऊ असलं की हाड ताणलं जातं, तंतू तेवढा ताणला जात नाही आणि आकडा कमी येतो. तो घातक, कारण आलेख दिसायला स्वच्छ असतो! ग्रेटिंगच्या लांबीत स्ट्रेन एकसारखा नसेल तर मात्र परावर्तित प्रकाशाच्या आलेखातलं शिखर रुंदावतं किंवा फुटतं. अशा ठिकाणी आखूड ग्रेटिंग घ्यावं.

प्रश्न : आणि ग्रेटिंगला 'जाळी' चालेल?

प्रतिसाद : नको, जाळी म्हटली की भोकं आली. इथे गाभ्यातला अपवर्तनांक ठरावीक अंतराने किंचित कमी-जास्त केलेला असतो. 1550 नॅनोमीटरच्या तरंगलांबीसाठी ते अंतर साधारण 535 नॅनोमीटर. 'ब्रॅग ग्रेटिंग' तसंच ठेवा.

मला जास्त खटकतो तो अशा लेखांतला 'रोपण' शब्द. रोपण म्हटलं की वस्तू शरीरात राहणार असं वाटतं. 1975 मध्ये लॅन्यन आणि सहकाऱ्यांनी जिवंत माणसाच्या नडगीवर स्ट्रेन मोजला, तोही धातूच्या गेजने (स्ट्रेन मोजणाऱ्या पट्टीने) आणि तात्पुरता. काचतंतूंचं बरंचसं काम प्रयोगशाळेतल्या हाडांवरच झालेलं आहे. तिथे 'चिकटवला' हे साधं क्रियापद पुरतं.