शेडमध्ये व्यालेली मांजर जवळ येऊ देत नाही, पिल्लांचं काय करू?

पायताणवाला (सुभाषनगर):
नमस्कार मंडळी. मी मांजरवाला माणूस न्हाई, आधीच सांगतो. आमचं पायताण करायचं काम. घराच्या मागं पत्र्याचं शेड, तिथं चामड्याच्या गुंडाळ्या, ऐरण आणि आम्ही दोघं भाऊ. उंदरांचा लई त्रास. म्हणून दोन वर्षांपासनं एक करडी मांजर येते, तिला कोण हाकलत न्हाई, एवढंच आमचं नातं. डब्यातलं काहीबाही दारात ठेवलं तर खाते, पण पाच हातांच्या आत माणूस आला की गायब. नाव पण न्हाई तिला. आई ‘ती बया’ म्हणते.

ही बया बेंदराच्या आसपास गुंडाळ्यांच्या मागं व्याली. चार पिल्लं. चिवचिव ऐकून मी हात घातला, तर मनगटावर चार रेघा. रक्त आलं, हळद दाबली. वर भावानं वास येतो म्हणून फिनेल मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जागा रिकामी. दोन दिवसांनी पत्ता लागला, पिल्लं माळ्यावर जुन्या फर्म्यांच्या मागं. नेमका तिथंच पत्रा गळतो. इकडं राधानगरी धरणाचे दरवाजे उघडलेत, पाऊस थांबायचं नाव न्हाई.

आज पिल्लं १८ दिवसांची हायत. भाऊ म्हणतो खोक्यात घालून मंडईत सोड. मला ते करायचं न्हाई. पिल्लं माणसाळली तर चार घरं शोधीन. पण ही बया शिडीला हात लावला तरी फिस्कारते. काय करू?

आणि एक. मी ठोकत असतो तेव्हा ती माळ्याच्या कडेला बसून निवांत बघत असते. हातोडी थांबवून वर बघितलं की उठली. हे काय गौडबंगाल हाय?

राजारामपुरीच्या काकू:
भाऊ, मांजर राहू दे, आधी मनगटाचं बोला. हळद काय लावता? साबण आणि नळाची धार, पंधरा मिनिटं, हे त्याच वेळी करायचं होतं. आता लिहिलेलं वाचून झालं की सीपीआरला (सरकारी दवाखान्यात) जा आणि रेबीजच्या लशीचं विचारा. इतके दिवस गेले, आता कशाला, असं म्हणू नका. रक्त आलं होतं हेही सांगा, त्यावर लशीसोबत आणखी काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. माझ्या घरात आजवर अकरा बाळंतपणं झाली (मांजरांची), पण याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

आता तुमची बया. माणसाचा वास लागला की आई पिल्लं टाकते म्हणतात, तसं सहसा होत नाही. ती जागा बदलते. तुम्ही हात घातलात, वर फिनेल. ते मांजरांना विषारी असतं, त्या शेडमध्ये पुन्हा आणू नका.

माळ्यावर चढू नका. पत्र्यावर बाहेरून ताडपत्री टाका, तेवढं पुरे. खाली जुन्या जागी लाकडी खोकं आडवं ठेवा, तोंड भिंतीकडे, मांजर जाईल एवढीच फट. आत जुनी वाकळ. तिचं ताट रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी. चार दिवसांनी वीतभर तुमच्याकडे सरकवा. ती बिचकली तर वीतभर मागे. त्यात कमीपणा काही नाही.

आणि ते हातोडीचं. ती त्याच आवाजात वाढलीय, तो आवाज म्हणजे तुम्ही कामात आहात, तिच्याकडे तुमचं लक्ष नाही. थांबून तिच्याकडे रोखून बघणारा माणूस मांजराला शिकारीच वाटणार. तेव्हा ठोकत राहा. नजरानजर झालीच तर डोळे हळू मिटा, हळू उघडा आणि मान फिरवा. मोबाईल काढून फोटो तर मुळीच नको.

गंगावेशचा पैलवान:
एवढा कुटाणा कशाला भावा? आईला चिकन दाखवून बाहेर काढ, पिल्लं पिंजऱ्यात घाल, विषय संपला.

राजारामपुरीच्या काकू:
पैलवान, अठरा दिवसांची पिल्लं दर तीन-चार तासांनी पितात. रात्री दोन वाजता बाटली घेऊन तुम्ही बसणार का? आणि आई रात्रभर पत्र्यावर ओरडत फिरेल ते वेगळंच.

गंगावेशचा पैलवान:
बसतो की. (नाही बसत, काकू. माफी.)

जनावरांची डॉक्टरीण, शिकाऊ:
काकूंनी बरंच सांगितलंय, माझी थोडी भर. अंगावर पाजणारी मांजर एरवीच्या दुप्पट-तिप्पट खाते, म्हणून दारातल्या डब्यावर भागणार नाही. चिकन बिनमिठाचं उकडून, हाडं काढून द्या. तांबड्या रश्श्यातलं मटण धुऊनसुद्धा नको, कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. दूध-चपाती पण नको, बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधानं ढाळ लागतात. पाण्याचं भांडं मात्र कायम भरलेलं.

पिल्लं माणसाळायचा काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा. म्हणजे तुमच्या हातात महिनाभर आहे. घाई नको, पण आळसही नको. आणि मांजर पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते, पुढचं बाळंतपण नऊ आठवड्यांवर. पिल्लांचं दूध सुटलं की तिचं ऑपरेशन करून घ्या.

पायताणवाला:
११ दिवस झाले, म्हणून लिहितो. लस सुरू केली. तिथं बाई म्हणाल्या, हळद भाजीत घालायची.

ताडपत्री टाकली. खोक्यात आईची फाटकी वाकळ घातली. ताट सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी सहाला, ऐरणीपासनं पंधरा विती लांब. वीत मोजताना भाऊ हसला. पहिले चार दिवस ती मी घरात गेल्यावरच खायची. पाचव्या दिवशी मी पट्ट्याला भोकं पाडत होतो, ताट वाजलं. बघितलं न्हाई. मान अवघडली पण बघितलं न्हाई. भोकं वाकडी पडली, तो पट्टा बाद.

सातव्या रात्री तिनं पिल्लं खाली आणली. पहाटे शेड उघडलं तर तीन खोक्यात आणि चौथं तिच्या तोंडात, शिडीच्या मधल्या पायरीवर. मी दारातच पाठ फिरवून उभा राहिलो. अंगावर पावसाची झड, आत काय चाललंय ते नुसत्या कानानं बघत.

आता पुतणी, ती खात असताना, एकेक पिल्लू दोन मिनिटं मांडीवर घेते आणि परत ठेवते. बयेनं एकदा येऊन पुतणीच्या परकराचा वास घेतला. माझ्या नव्हे.

राजारामपुरीच्या काकू:
शाब्बास! पुतणीला सांगा, पिल्लू ओरडलं तर लगेच खाली. आणि तुम्ही ठोकत राहा.

पायताणवाला:
शेवटचं कळवतो. पिल्लं सात आठवड्यांची झाली. दोन कसबा बावड्याला ठरलीत, एक पुतणीनं दडपून ठेवलंय आणि एक अजून मोकळं हाय, कुणाला पायजे असल तर सांगा, काळं-पांढरं, पोट मोठं. आठवडाभर अजून आईजवळ ठेवतो, मग देतो.

बयेच्या अंगाला अजून हात लागला न्हाई. पण आता ताट ऐरणीपासनं दोन वितींवर असतं आणि ती माझ्याकडं पाठ करून खाते. शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनचं सांगितलं ते मनात हाय. पिंजरा आणलाय, दार दोरीनं उघडं बांधून ताट रोज त्याच्याच आत ठेवतो. परवापासनं तिचं शेपूटपण आत जायला लागलंय.

दुसरी भानगड म्हणजे वाद्या. वेणी घालायला बारीक वाद्या कापून ठेवल्या की काळं-पांढरं एक टोक धरतं, मी दुसरं. भाऊ म्हणतो आधी सोड, मग वीण. दोरीसारखं काही गिळलं तर जनावराच्या जिवावर बेततं म्हणं, म्हणून संध्याकाळी सगळ्या वाद्या डब्यात बंद. आज एका गिऱ्हाइकाचा जोड पुरा केला, मोजून बघतो तर डाव्या पायाचा लाल गोंडा न्हाई. खोक्यातली वाकळ झाडली, फर्मे हलवून बघितले. बया ऐरणीजवळ बसून निवांत बघत होती.