सहा वर्षांच्या लेकीला वाढदिवसाला ड्रॅगन पाहिजे, घरच्या घरी कसा करू?

गोलाईवाली

नमस्कार मंडळी, लातूरहून लिहायलेय. लेकीला पुढच्या महिन्यात सहा पूर्ण होतायत आणि तिला ह्या वेळी राजकन्या बिजकन्या काही नको, ड्रॅगन पाहिजे. बरं नुसता ड्रॅगन पण नाही, ड्रॅगनचा किल्ला पाहिजे, जादूचं जंगल पाहिजे, आणि तिच्या दोन मैत्रिणी परी होणारेत म्हणून त्यांना पंख. रोज सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, मम्मी माझा ड्रॅगन कुठवर आला? डोकं खायलीय नुसतं.

डेकोरेशनवाल्याला विचारलं तर साडेआठ हजार म्हणाला. फोटोत बघते तर मागं चकचकीत पडदा, बाजूनं फुग्यांची कमान आणि मधी फ्लेक्सवर ड्रॅगन छापलेला. एवढ्यासाठी साडेआठ हजार? म्हणलं घरीच करू. व्हिडिओ बघून तीन मोठे फुगे फुगवले, त्याच्यावर कागदाच्या पट्ट्या चिटकवल्या आणि वाळायला गच्चीवर ठेवून चहा टाकायला खाली आले. चहाला उकळी यायच्या आत वर फाट, फाट, आणि थोड्या वेळानं परत फाट. शेजारच्या काकू विचारायला आल्या की कुणाचं लग्न हाय का.

तर डोकं कसं करू ते सांगा. अंगावरचे खवले अंड्याच्या ट्रेचे करतात म्हणे पण आमच्या सासूबाईंना घरात अंड्याचं काहीच चालत नाही, रिकामा ट्रे पण नाही. हॉल दहा बाय चौदाचा, पोरं वीस तरी येतील. खर्च दीड हजाराच्या आत बसवायचाय, आणि पंखांचं पण बघा काहीतरी, मागच्या वर्षी तारेचे आणले होते तर एकीच्या गालाला ओरखडा आला.

दोन_पोरांची_आई

ताई, एप्रिलच्या उन्हात फुगा ठेवला गच्चीवर म्हणजे फुटणारच की. आतली हवा तापून फुगते आणि वरचा कागद ओला, त्याच्यात फुग्याला धरून ठेवायची ताकद कुठली. सावलीत ठेवायचा असतो. पण माझं ऐका, फुग्याचा नादच सोडा. घरात घमेलं असेल ना, ते पालथं घाला, त्याला तेलाचा हात फिरवा आणि त्याच्यावर कागद चढवा. वाळलं की टरफल निघतं तसं अख्खं निघतं. अशी दोन काढायची, एक वरचा जबडा, एक खालचा, आणि मागच्या बाजूनं कापडाची पट्टी बिजागरीसारखी चिटकवायची. माझ्या पोराचा मगर मी असाच केला होता, तोंड उघडत होतं त्याचं.

फेविकॉल ओतत बसू नका, खळ करा. एक वाटी मैदा आधी गार पाण्यात नीट कालवून घ्या, गुठळी राहिली तर कागदाखाली फोडासारखी दिसते, मग चार वाट्या पाणी उकळून त्यात ते धार धरून सोडायचं आणि हलवत राहायचं. पांढरा रंग जाऊन काचेसारखं दिसायला लागलं की उतरवा. त्यात चिमूटभर तुरटी आणि चमचाभर मेथीची पूड घालाच. तुरटीनं खळ आंबत नाही आणि मेथीच्या कडूपणानं किडा-मुंगी लांब राहते. आमची आजी कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करायची त्यात मेथी असायचीच.

आणि एक. पहिला थर पेपरचा, दुसरा वहीच्या कोऱ्या कागदाचा, तिसरा परत पेपरचा असं करा. नाहीतर कुठं किती थर झाले ते कळतच नाही, एकीकडं सहा आणि एकीकडं दोन होतात आणि दोनवालं वाळताना वाकडं होतं. पाच थर बास. ह्या उन्हात दोन दिवसात खणखणीत वाजंल.

डोळ्याला जुन्या सीडी लावा, मधी काळ्या कागदाची उभी बाहुली, मांजरासारखी. उजेड पडला की असे काही चमकतात की बस.

परभणीचा_पांदण

जंगलाची चिंता करू नका ताई, आमच्याकडं जंगलच जंगल पडलंय 😄 गावाकडं कुणी असंल तर पऱ्हाट्या मागवा, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं. कापूस निघून गेलाय, बांधाला गंजी लागल्यात, फुकट मिळतात. एक एक पऱ्हाटी म्हणजे आयतं झाड, फांद्या सगळीकडून आणि बोंडाची वाळकी टरफलं फुलासारखी उमललेली. चुन्यात नाहीतर पांढऱ्या डिस्टेंपरमधी बुचकळायची, बादलीत वाळू भरून उभी करायची आणि दिवाळीची माळ गुंडाळायची. मागच्या साली पुतणीला करून दिलं, रात्री बत्ती लावली तर परदेशातलं बर्फाचं जंगल वाटायलं होतं आणि बाहेर बेचाळीस डिग्री.

फक्त दोन गोष्टी. गंजीतून काढली की रस्त्यावरच दणकून आपटा, विंचू बसलेला असतो, थट्टा नाही. आणि पोरांच्या डोळ्याच्या उंचीवरची टोकं पक्कडीनं तोडून टाका. तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, घेऊ नका, त्या सरळसोट असतात, झाड वाटत नाही, कुंपण वाटतं.

किल्ल्याभोवती पाणी पाहिजे असंल तर निळी ताडपत्री अंथरा, वर एक फळी टाका. झाला खंदक.

खडूफळा

गोलाईवाली ताई, मी चित्रकलेचा मास्तर, आता रिटायर आहे, छत्रपती संभाजीनगरला असतो. वर सगळ्यांनी कामाचं सांगितलंय, मी जरा वेगळं सांगतो, पटलं तर घ्या. किल्ला करायचाच आहे तर तो टोकदार मनोऱ्यांचा गुलाबी कशाला, देवगिरी करा ना. पंधरा किलोमीटरवर आमच्या आहे, इतकी वर्षं पोरांना सहलीला नेलं, एकाही पोराला तिथं कंटाळा आलेला पाहिला नाही. कडा सरळ उभा तासलेला, खाली खंदक, आत जायला एकच पूल. आणि त्याच्या पुढं ती अंधारी. डोंगर कोरून केलेला वळणावळणाचा काळोखा जिना आहे, शत्रू आत शिरला तर आपल्याच माणसाला ठेचकाळायचा, आणि वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण, तिथं शेगडी पेटवून धूर आत सोडायची सोय. पोरांना एवढं सांगितलं की निम्मी पार्टी झाली.

तुमच्या हॉलमध्ये अंधारी अशी होईल. प्लास्टिकच्या खुर्च्या दोन ओळीत पाठीला पाठ नाही, तोंडाला तोंड करून लावा, मध्ये पोर रांगेल एवढी जागा, वरून गोधड्या आणि जुन्या जाड साड्या टाका. एक वळण ठेवाच. सरळ बोगद्यात पलीकडचं तोंड दिसतं, मग भीती कसली. बाहेर पडायच्या तोंडाशी ड्रॅगनचा जबडा. पण एक मोठं माणूस तिथं बसलेलं असू द्या आणि एका वेळी तीनच पोरं सोडा.

भिंतीला कूलरची खोकी मागा दुकानात, सध्या रोज दहा निघतात. पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये काळा स्टेनर टाकून करडा रंग करा आणि ब्रशनं फासू नका, भांड्याचा स्पंज दाबत जा, आपल्या काळ्या दगडासारखी भिंत दिसते. वर एक तोफ. देवगिरीवर मेंढा तोफ आहे, तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे. कापडाच्या दुकानात तागा गुंडाळलेली जाड पुठ्ठ्याची नळी मिळते, तिला मेंढ्याची शिंगं लावली की झाली.

ड्रॅगनचं म्हणाल तर दख्खनच्या कितीतरी किल्ल्यांच्या दरवाज्यावर शरभ कोरलेला असतो. सिंहासारखं अंग, अक्राळविक्राळ तोंड, आणि कुठं कुठं पंजात आणि शेपटीत चक्क हत्ती धरलेले. तुमच्या ड्रॅगनच्या पंजात कापसाचे दोन छोटे हत्ती द्या, बघा पोरं काय करतात.

आता पंख. अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेणीत एक अप्सरा आहे, तिचा फोटो काढून बघा. तिला पंखच नाहीत. तरी ती उडतेय हे एका नजरेत कळतं, कारण गळ्यातल्या मोत्यांच्या माळा आणि फिती सगळ्या एका बाजूला उडालेल्या आहेत. तुम्ही तार बीर काही लावू नका. दोन्ही मनगटांना आणि पाठीवर खांद्यापाशी एक पातळ ओढणी टाका, कडेला टिकल्या. पोरगी पळाली की झाले पंख. गळ्याला गाठ मारू नका, सेफ्टी पिनच लावा, म्हणजे कुठं अडकली तर कापड फाटेल, मान नाही.

जालन्याचा_भौ

खतरनाक सर 🙏 ड्रॅगनच्या तोंडातून धूर काढायला ड्राय आईस आणा ना, लग्नात वापरतेत.

दोन_पोरांची_आई

नको हो दादा. उणे अठ्ठ्याहत्तर डिग्री असतो तो, हाताला लागला की भाजल्यासारखा फोड येतो, आणि दहा बाय चौदाच्या बंद खोलीत वीस पोरं, त्यात तो गॅस खाली जमिनीलगत साठतो, म्हणजे पोरांच्याच नाकाशी. त्यापेक्षा जबड्याच्या मागं छोटा टेबल फॅन, त्याला लाल-पिवळ्या पतंगी कागदाच्या लांब पट्ट्या बांधायच्या आणि खालून एलईडी बल्ब. फॅन लावला की जाळ वर वर लपलपतो. जुना पिवळा बल्ब लावू नका, तो तापतो आणि कागद पेटला तर खरंच ड्रॅगन होईल.

काकू_नांदेडच्या

अगं माय, अंड्याचे ट्रे कामून पाहिजेत? द्रोण घे ना. चांदीच्या रंगाचे कागदी द्रोण शंभराचं पाकीट मिळतंय. निम्म्यात कापायचे आणि शेपटीकडून लावत यायचं, कौलं शाकारतात तसं खालून वर, एकावर एक चढवत. मानेकडून सुरू केलंस तर सगळे खवले उलटे दिसतील, मग रडत बसशील. पळसाचे द्रोण मिळाले तर अजून छान, तपकिरी-हिरवा म्हातारा ड्रॅगन होतो.

आणि तुझ्या घरी महालक्ष्म्या बसत असतील की. मग माळ्यावरची ती पेटी काढ आधी. आमच्या पेटीत जरीचे पडदे, मोत्याचे तोरण, लायटिंगच्या चार माळा, कागदी कमळं, सगळं पडून असतंय वर्षभर. सासूला विचारून घे मात्र. शिंगाला पोळ्याचं बेगड, म्हणजे तो चकचकीत कागद, लाव, सोनेरी आणि लाल आलटून पालटून, आणि टोकाला गोंडे. आमचे बैल सजतेत ना तसं. बेगड पोळ्याच्या वेळेलाच दिसतंय पण तुमच्या लातूरच्या गोलाई बाजारात पूजेच्या सामानाच्या दुकानात मागितलं तर जुनं शिल्लक काढून देतेत. ती चमकी तेवढी आणू नको, पोराच्या डोळ्यात गेली की दवाखाना. थर्माकोल पण नको, सजावटीच्या थर्माकोलला २०१८ पासून बंदी आहे आपल्या राज्यात, दुकानदार देतो म्हणून घ्यायचं नसतं.

गोलाईवाली

सगळ्यांचे पाय धरते खरंच. काकू, माळ्यावरची पेटी काढली तर सासूबाई स्वतःच येऊन बसल्या, द्रोण कापायचं काम त्यांनीच घेतलंय. एक अडचण आलीय, किल्ला उभा केला रात्री आणि सकाळी बघते तर भिंती सगळ्या निसटून खाली, सेलोटेप सुटलाय आणि क्रेपचे तोरण भिजल्यासारखं लोंबतंय. पाऊस नाही काही नाही.

परभणीचा_पांदण

कूलर कुठं तोंड करून हाय ताई?

गोलाईवाली

😑 किल्ल्याकडंच.

परभणीचा_पांदण

मग काय. रात्रभर ओलं वारं खाल्लं त्यानं. खोकी सुतळीनं शिवा दाभणानं, आणि कूलरचं तोंड किल्ल्याकडून वळवून पोरांकडं करा. तोरण क्रेपचं नको, कापडाच्या चिंध्यांचं.

गोलाईवाली

झाली हो पार्टी काल! थोडक्यात सांगते कारण अजून घर आवरायचंय. खर्च अकराशे चाळीस, त्यातले चारशे नुसत्या केकचे. पऱ्हाट्या औशाच्या मामांनी जीपवर टाकून आणल्या, आपटून घेतल्या, एक पाल निघाली फक्त. अंधारीत पोरं इतक्यांदा जाऊन आली की केक कापायला बोलावलं तर कुणी येईना, एक पोरगा तर आत जाऊन झोपलाच, त्याची आई वरून शोधायली आणि हा गोधडीखाली. परीच्या ओढण्या सरांनी सांगितल्या तशाच केल्या, मुलींनी घरी जाताना सोडल्या नाहीत, माझ्या दोन ओढण्या गेल्या. कापसाचे हत्ती पण कुणीतरी पळवले. तोफेला मात्र कुणी विचारलं नाही सर, सॉरी.

औक्षणाच्या वेळी सासूबाईंनी लेकीला ओवाळलं आणि मग ताट घेऊन सरळ ड्रॅगनकडं गेल्या, त्याच्या शिंगाला कुंकू लावलं. म्हणाल्या बेगड लावलंय तर मोकळं कसं सोडायचं.

आता प्रश्न असा की लेक ड्रॅगन मोडू देईना, तो दारातच बसवलाय, आणि आज सकाळी बघते तर त्याच्या नाकपुडीतून मुंग्यांची रांग लागलीय. काय करू?

दोन_पोरांची_आई

मेथी घातली होती का खळीत?

गोलाईवाली

तुरटी घातली होती...

काकू_नांदेडच्या

नाकात हळद भर त्याच्या. आणि पोळ्यापर्यंत ठेव, शिंगं मला पाठव.