स्टेडियमची क्रमवारी: गुण कमानीला द्यायचे की माणसांना?

डावखुरा वरूडकर

परवा ‘यादीवाला’नं जगातल्या फुटबॉल स्टेडियमची क्रमवारी टाकली. वातावरण, बांधकाम आणि प्रेक्षकांचा अनुभव असे तीन रकाने, प्रत्येकात दहापैकी गुण. पहिलं लंडनचं टॉटनहॅम, दुसरं म्युनिकचं अलियान्झ अरेना, तिसरं लंडनचंच वेम्बली. जर्मनीतलं डॉर्टमुंड सहावं, अर्जेंटिनातल्या बोका क्लबचं ला बोंबोनेरा नववं. खाली शेरा, की भारतात फुटबॉलची मैदानं आहेत, स्टेडियम नाहीत, आणि वातावरणाची तर गोष्टच काढू नका. या शेऱ्यानं डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

वेम्बली तिसरं कशावरून? कमान १३३ मीटर उंच आहे म्हणून? कमान घोषणा देत नाही. वेम्बलीच्या मधल्या मजल्यावरच्या महागड्या लाल खुर्च्या हाफटाइम संपून खेळ सुरू झाला तरी रिकाम्या असतात, हे टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलंय. खायला-प्यायला गेलेली मंडळी परत आलेली नसतात. उलट डॉर्टमुंडच्या दक्षिण बाजूला २४,४५४ माणसं उभ्यानं मॅच बघतात. ती तिथं येऊ शकतात कारण तिकीट परवडतं, आणि क्लबवर सभासदांचंच बहुमत राहिलं पाहिजे या जर्मन नियमाचा त्यात मोठा हात आहे. हे तुमच्या कोणत्या रकान्यात बसलं?

आता भारताचं. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, १३ जुलै १९९७, फेडरेशन कपची सेमीफायनल, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. एक लाख एकतीस हजारांच्या वर माणसं. बाईचुंग भूतियाची हॅटट्रिक, ४-१. काँक्रीटच्या पायऱ्या, मैदान आणि लोकांच्या मध्ये ॲथलेटिक्सचा ट्रॅक, बांधकामाच्या रकान्यात दहापैकी तीनही मिळणार नाहीत. आणि वातावरण? युरोपातल्या कुठल्याही क्लबनं हेवा करावा असं. वातावरण माणसं तयार करतात. इमारत फार तर आडवी येत नाही, एवढंच तिचं काम.

वणीचा सिव्हिलवाला

भाऊ, तळमळ समजली, पण शेवटचं वाक्य साफ चूक आहे. मी बांधकामातला माणूस, त्यामुळं हे सोडून देता येत नाही.

इटलीतल्या तुरीनचं उदाहरण घ्या. १९९० च्या वर्ल्ड कपसाठी डेले आल्पी स्टेडियम बांधलं. जवळपास सत्तर हजारांची क्षमता, मध्ये ट्रॅक, माणूस मैदानापासून कोसभर लांब. कोपा इटालियाच्या एका सामन्याला तिथं २३७ लोक आले होते. तिथल्या युव्हेंटस क्लबनं ते पाडलं आणि २०११ मध्ये त्याच जागी एकेचाळीस हजारांचं नवं उभं केलं, पहिली रांग मैदानापासून साडेसात मीटरवर. शहर तेच, क्लब तोच, पाठीराखे तेच, आणि आता तिकीट मिळत नाही. काय बदललं? बांधकाम.

बोंबोनेरात जागा कमी होती म्हणून १९४० मध्ये तीन बाजू जवळजवळ उभ्या चढवल्या आणि चौथी चपटी ठेवली. आवाज तिथून बाहेर जाणार कुठं? टॉटनहॅमनं तर डॉर्टमुंडच्या त्याच दक्षिण बाजूवरून धडा घेऊन १७,५०० लोकांची एकसंध बाजू बांधली. पुढच्याच्या डोक्यावरून मागच्याची नजर मैदानाच्या कडेच्या रेषेपर्यंत पोचली पाहिजे, छत खाली पाहिजे, चढ तीव्र पाहिजे. हे गणित आहे.

सव्वा लाख माणसं जमली की उमरीच्या वावरातही आवाज होईल. तो सॉल्ट लेकचा मोठेपणा नाही.

रातपाळीचा ओलितवाला

दोघंही भल्ले शिकलेले दिसता राजेहो. मले काय समजते ते सांगतो.

हिवाळ्यात आमच्याकडची विजेची लाइन रातची रायते. चन्याले पानी देऊन रायलो असतो आन् चॅम्पियन्स लीगची मॅच दीडले सुरू होते. मोबाइल खिशात, एक इअरफोन कानात, दुसरा कान मोटरीकडे. चित्र पाहाले टाइम कुठं? दांड फुटला त पानी शेजाऱ्याच्या वावरात. पन नुसत्या आवाजावरून मले समजते का मॅच कुठं चालू हाय. लिव्हरपूलचं ॲनफिल्ड समजते, डॉर्टमुंड समजते. २०१९ ले लिव्हरपूलनं बार्सिलोनाले ४-० हानलं, तवा चौथ्या गोलाले म्या फावडं खाली टाकलं, इतका आवाज. वेम्बली कधीच समजत नाही. कुठलंई मोठं मैदान असू शकते.

म्हून माही क्रमवारी कानाची. डॉर्टमुंड पयलं, ॲनफिल्ड दुसरं. इमारत म्या पायलीच नाही.

वणीचा सिव्हिलवाला

दादा, टीव्हीवर येतो तो आवाज माइक कुठं लावले आणि कोण्या माणसानं किती वाढवला त्यावर असतो. तुम्ही स्टेडियमला नाही, त्या बटणवाल्याला गुण देऊन राहिले.

रातपाळीचा ओलितवाला

२०२० ले रिकाम्या स्टेडियमात रेकॉर्ड केलेला आवाज लावत होते ना? तो म्या पाच मिन्टांत धरला. गोल चुकला का मानसाचा आवाज मधातच तुटते. बटनवाल्याले ते जमत नाही. मले शिकवू नका.

यादीवाला

मलाच बोलायचं आहे तर समोरून बोला. इथं कोणीही युरोपात जाऊन मॅच पाहिलेली नाही. मीही नाही. म्हणूनच मी मोजता येतील त्या गोष्टी मोजल्या: क्षमता, अंतर, छत, स्टेशन किती लांब. विहिरीवर उभं राहून कानानं दिलेले गुण मी कसे तपासायचे?

आणि बोंबोनेरा नववं का, ते ऐका. २०१३ पासून अर्जेंटिनातल्या लीगच्या बहुतेक सामन्यांत पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना बंदी राहिली आहे. एकाच बाजूची माणसं ओरडतात, समोरून उत्तर येत नाही. अर्धं वातावरण तिथंच संपलं. हे तुमच्यापैकी एकानंही लिहिलं नाही, फक्त माझ्यावर तुटून पडलात.

पेठेतला तालीमवाला

विदर्भातली माणसं जर्मनीवरनं भांडाय लागलीत. भावांनो, महाराष्ट्रात फुटबॉलचं वातावरण बघायचं असंल तर कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर या. पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार तालीम असली की सकाळपासनं पेठ कामाला लागत नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडनं खेळलेला अनिकेत जाधव आमच्याच मातीतला. ‘भारतात वातावरण नाही’ म्हणणाऱ्यानं एक मॅच उभ्यानं बघावी आन् मग बोलावं.

कामठीचा हाफबॅक

आलंच कोल्हापूर. तुमच्याकडं संस्थानच्या काळापासून छत्रपती घराण्याचा आधार. आमच्या कामठीतही पिढ्यान् पिढ्या फुटबॉल आहे, पोरं अनवाणी खेळून तयार झाली, पण पाठीशी राजा नव्हता आणि नंतर सरकारही नव्हतं. १९८४ मध्ये दांडेकर समितीनं राज्यातल्या मागे पडलेल्या भागांचा विकासाचा अनुशेष मोजून दिला. रस्ते, सिंचन, सगळं त्यात आलं. मैदानाचा अनुशेष कोणी मोजला? गॅलरी कोल्हापूरला आणि उपदेश आम्हाला, हे बंद करा.

पेठेतला तालीमवाला

राजानं गॅलरी दिली, पण दर आठवड्याला ती भरली आमच्या आज्या-पणज्यांनी. तुम्ही भरा की तुमचं मैदान. रडगाणं किती दिवस?

डावखुरा वरूडकर

रडगाणं म्हणू नका. मूळ मुद्द्यावर या दोघंही.

परतवाड्याची पीटी मॅडम

मूळ मुद्द्यावरच येते. तिसरा रकाना ‘प्रेक्षकांचा अनुभव’ होता आणि इतक्या जणांपैकी एकानंही त्याला हात लावला नाही. कारण तुमच्या डोक्यातला प्रेक्षक पुरुष आहे.

मी शाळेच्या मुलींचा संघ घेऊन एका तालुक्याच्या ठिकाणी गेले होते. मैदान चांगलं, हिरवं. भोवती माणसं तीन-तीन रांगांत, ढोल, शिट्ट्या, म्हणजे वरूडकरांचे दहापैकी दहा. बायकांसाठी मुतारी नाही. ज्या शाळेची खोली मिळणार होती तिला कुलूप, किल्ली कोणाकडं ते कोणालाच माहीत नाही. मुलींनी सकाळपासून पाणी तोंडाला लावलं नाही, कारण प्यायलं तर जायचं कुठं? ऊन डोक्यावर. दुसऱ्या हाफमध्ये माझ्या स्टॉपरच्या पोटरीत असा गोळा आला की ती चेंडू सोडून खालीच बसली. लोकांना वाटलं नाटक करते, आणि त्यांनी हुर्यो उडवली. तेच तुमचं वातावरण. मी तिला उचलून कडेला आणलं तेव्हा तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. पाण्याची बाटली दिली तर आधी विचारते, मॅडम, गाडी किती वाजता निघणार?

आता द्या त्या मैदानाला क्रमांक.

डावखुरा वरूडकर

मॅडम, जे झालं ते वाईटच. पण स्वच्छतागृह ही व्यवस्थेची गोष्ट आहे. वातावरण वेगळं. दोन्ही एकत्र केलं की कशाचीच चर्चा होत नाही.

परतवाड्याची पीटी मॅडम

वेगळं तुमच्यासाठी. तेहरानचं आझादी स्टेडियम माहीत असेल. भल्याभल्या संघांना तिथं घाम फुटतो म्हणून त्याच्या वातावरणाची तारीफ होते. चाळीस वर्षं इराणी बायकांना पुरुषांच्या सामन्यासाठी तिकीट काढता येत नव्हतं. २०१९ मध्ये सहर खोदायारी पुरुषाचा वेश करून आत जाताना पकडली गेली. तुरुंगाच्या भीतीनं तिनं स्वतःला पेटवून घेतलं, तेव्हा कुठं त्या ऑक्टोबरात कंबोडियाविरुद्धच्या मॅचला साडेतीन हजारांच्या आसपास तिकिटं बायकांना मिळाली. त्याआधीच्या त्या आवाजाला तुम्ही दहापैकी किती देणार? अर्ध्या लोकांना फाटकाबाहेर ठेवून झालेला आवाज आहे तो.

आणि बायका येत नाहीत म्हणणाऱ्यांसाठी: ३० मार्च २०२२, कॅम्प नोऊ, बार्सिलोना विरुद्ध रियल माद्रिद, महिलांचा सामना, ९१,५५३ प्रेक्षक. पुढच्याच महिन्यात वोल्फ्सबर्गविरुद्ध ९१,६४८. सोय असली, बोलावलं, तर माणसं येतात.

यादीवाला

मॅडम, अनुभवाचा रकाना मीच ठेवला होता. तुम्ही माझ्या बाजूनं बोलताय.

परतवाड्याची पीटी मॅडम

अजिबात नाही. तुमची यादी मी नीट वाचली. त्या रकान्यात टॉटनहॅमच्या ६५ मीटर लांब बारला गुण आहेत, वायफायला आहेत. बायकांचा शब्द एकदाही नाही. रात्रीच्या मॅचनंतर घरी जायचं कसं, हेही नाही. स्टेशनचं अंतर मोजलंत, शेवटची गाडी किती वाजता ते नाही. आमच्याकडं शेवटची एसटी गेली की मुलीचं खेळणं बंद होतं.

कामठीचा हाफबॅक

मॅडमचं खरं आहे, पण असं सगळं आखीव करत गेलं की खुर्च्या लागतात, तिकीट वाढतं, गरीब बाहेर. इंग्लंडात तेच झालं. धक्काबुक्कीत उभं राहून बघायची मजाच गेली.

परतवाड्याची पीटी मॅडम

मजा? १९८९ ला इंग्लंडातल्या हिल्सबरो स्टेडियमात ९७ माणसं कुंपणाला दाबून मेली. आणि आपल्याकडं १६ ऑगस्ट १९८०, ईडन गार्डन्स, ईस्ट बंगाल-मोहन बागान, १६ जण घरी परत गेले नाहीत. धक्काबुक्की तुमच्या अंगावर कधी आलेली नाही म्हणून मजा वाटते.

कामठीचा हाफबॅक

मी मरणाऱ्यांबद्दल बोललो नाही. माझ्या तोंडी शब्द घालू नका. उभं राहणं वेगळं आणि चेंगराचेंगरी वेगळी. डॉर्टमुंडला चोवीस हजार उभे राहतातच ना?

वणीचा सिव्हिलवाला

इथं हाफबॅक बरोबर आहे. हिल्सबरोत माणसं उभी होती म्हणून मेली नाहीत. एकाच कप्प्यात फाटक उघडून गर्दी सोडली आणि पुढं कुंपण होतं, म्हणून मेली. जर्मनीत मध्ये मध्ये आडवे कठडे आहेत. इंग्लंडनंही २०२२ च्या जानेवारीत तसे कठडे लावून उभं राहायला पुन्हा परवानगी दिली. पाहा, शेवटी बांधकामावरच आलो.

मॅडमचा मुद्दाही मला मानावाच लागतो, मनात नसलं तरी. बायकांची स्वच्छतागृहं पहिल्या नकाशात घेतली नाहीत तर नंतर ती पायऱ्यांखालच्या अंधाऱ्या खोपच्यात जातात, आणि तिथं कोणी जात नाही. मी स्वतः असे नकाशे पाहिलेत.

डावखुरा वरूडकर

ठीक आहे, चौथा रकाना करा: आत कोण येऊ शकतं. तिकीट, स्वच्छतागृह, परतीची गाडी, सगळं त्यात. त्यात शून्य असेल तर वातावरणाचे गुण अर्धे, एवढं मला चालेल. पण डॉर्टमुंड पहिलंच आणि सॉल्ट लेक यादीत पाहिजेच. नूतनीकरणात क्षमता बरीच कमी झाली तरी पाहिजे.

यादीवाला

डॉर्टमुंड पहिलं करतो. सॉल्ट लेक चौथ्या रकान्याची माहिती मिळाल्याशिवाय नाही, नियम सगळ्यांना सारखा. भारताबद्दलचा शेरा काढतो, कोल्हापूरवाल्यांनी फार मेसेज पाठवलेत. टॉटनहॅम दुसरं राहील, त्यावर वाद घालायचा असेल तर आकडे घेऊन या.

रातपाळीचा ओलितवाला

मॅडम, आमच्या गावच्या शाळेच्या मैदानावर संक्रांतीनंतर सामने ठेवून रायलो. संडासाची किल्ली शिपायाकडे न ठेवता तुमच्याच हाती देतो. पोरींचा संघ घेऊन या, अन् परतीची गाडी सांजच्याले पाचची हाय, सामना दुपारी एकले लावू का बाराले ते सांगा.

परतवाड्याची पीटी मॅडम

दोन्ही नको, उन्हाचं आहे. सकाळी नऊ. आणि पिण्याचं पाणी सावलीत ठेवा.