मदत हवी आहे: समोर एकटा घोडा, तरी वेळ संपल्यामुळे डाव गेला?

प्यादं_पुढे: रॅपिड (जलद बुद्धिबळ) स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत माझा फ्लॅग पडला, म्हणजे घड्याळातली वेळ संपली. समोर फक्त राजा आणि घोडा. एकट्या घोड्याने मात होत नाही, मग ड्रॉ ना? पंचांनी मला हरवलं. बक्षीस समारंभ सातला आहे, लवकर सांगा.

तिरका_उंट: तुमच्याकडे काय उरलं होतं? घड्याळ किती?

काळी_घरं: ड्रॉच! ऑनलाइन असंच मिळतं. अपील करा.

तिरका_उंट: चेस डॉट कॉम या साइटवर मिळतं, लिचेस या साइटवर नाही. फिडेचा (जागतिक बुद्धिबळ महासंघाचा) नियम ६.९ आहे: कोणत्याही वैध खेळ्यांनी, अगदी दोघांनी संगनमत करूनही, मात अशक्य असेल तरच ड्रॉ.

सातवी_पट्टी: अवैध खेळी झाली होती का? रॅपिडमध्ये पहिल्या वेळी समोरच्याला २ मिनिटं जास्त, दुसऱ्यांदा डाव गेला. तुम्ही पुढची खेळी करण्याआधी दावा करायचा.

प्यादं_पुढे: अवैध काही नव्हतं. माझ्याकडे हत्ती आणि प्यादं, मी जिंकत होतो. प्रत्येकी २५ मिनिटं, इन्क्रिमेंट (दर खेळीला मिळणारे जादा सेकंद) नाही.

काळी_घरं: हत्तीसमोर घोडा मात कशी करणार?

तिरका_उंट: पट मांडून बघा, तुम्ही काळे धरा. काळा राजा ए१, हत्ती बी१. पांढरा राजा बी३, घोडा सी२. मात. स्वतःचाच हत्ती वाट अडवतो. तुमच्याकडे नुसता वजीर असता तर ड्रॉ होता, कारण वाट अडवणारा वजीर शह देणारा घोडा मारतोच. पंचांचा निर्णय बरोबर आहे.

सातवी_पट्टी: २ मिनिटांहून कमी उरल्यावर, फ्लॅग पडण्याआधी, पंचांना बोलावून ‘समोरचा सरळ मार्गाने जिंकू शकत नाही’ असा दावा करता येतो. पण ही सोय देणारी फिडेची मार्गदर्शक तत्त्वं स्पर्धेआधी जाहीर झालेली हवीत.

काळी_घरं: म्हणूनच आयोजकांनी १५ अधिक १० (१५ मिनिटं आणि दर खेळीला १० सेकंद) ठेवावं. ६० खेळ्यांना दोघांची मिळून तेवढीच ५० मिनिटं लागतात.

सातवी_पट्टी: ९० खेळ्यांचा एक डाव निघाला की तास होतो आणि अख्खा हॉल थांबतो. एका दिवसात ९ फेऱ्या कशा बसवणार?

प्यादं_पुढे: ते राहू द्या. मी तेव्हा करायचं काय होतं?

तिरका_उंट: हत्ती देऊन घोडा मारायचा. समोर नुसता राजा उरला की फ्लॅग पडला तरी ड्रॉ, आणि प्यादं वजीर झालं तर डाव तुमचा. शेवटच्या १५ सेकंदांत हेच शोधायचं, प्यादं ढकलत बसायचं नाही.